हवा कितीची ठेवलीस?

आंब्याला धक्का बसू नये म्हणून मी टायरमधली हवा कमी केली. मग जे झालं ते माझ्या जन्मात विसरणार नाही. मे महिन्यात कोकणातून पेट्या घेऊन परतणार असाल, तर ही ‘हवेतली’ गोष्ट तुमच्यासाठीच!

पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा खिडकीशी येतो. ‘साहेब, किती?’ आपण मोबाइलमधून डोकं वर न काढता जाम कॉन्फिडन्सनं सांगतो, ‘थर्टी-टू!’ खरं सांगा, हा आकडा तुम्हाला कुणी सांगितला? बाबांनी? शोरूमवाल्यानं? की आधीच्या गाडीत होता म्हणून याही गाडीला? मी तर पुण्यात नवी गाडी घेतल्यापासून चार वर्षं हाच मंत्र जपत होतो. एक्सेल शीटमध्ये दोन पैशांचा फरक आला तर रात्री जागणारा मी, ज्या हवेवर स्वतःचा जीव तरंगतो तिच्याबाबत ‘चलता है’ म्हणत होतो.

हा फंडा माझ्या डोक्यात शिरला तो रत्नागिरीत, एका टायरवाल्याच्या दुकानात. पण त्याआधी एक टायर फुटावा लागला.

आमची रत्नागिरीजवळ हापूसची बाग आहे. बाग बघतो माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो. पूर्वी सगळा माल वाशीच्या मार्केटला जायचा. मग माझ्यासारख्या शहरी शहाण्याच्या डोक्यात आयडिया आली, की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये थेट पेट्या पोचवायच्या. व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी घ्यायच्या, मधले सगळे गायब! दादानं धाडस करून एक सेकंडहँड पिकअप घेतली. सीझनमध्ये मी दोन वीकएंड सुट्टी जोडून त्याच्या बाजूला बसणार आणि डिलिव्हरी सांभाळणार, असं ठरलं.

एप्रिल 2023 चा शेवट. पहिली मोठी ऑर्डर, पंचाहत्तर पेट्या. पाच डझनाची पेटी, फळ सरासरी पाव किलोच्या वर, शिवाय लाकडाचं खोकं आणि पेंढा. म्हणजे एका पेटीचे वीस किलो धरा. एकूण दीड टन. गाडीची क्षमता त्याहून जास्त होती, त्यामुळे ओव्हरलोडचा प्रश्न नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळ्यांनी पहिला संशय त्याचाच घेतला.

आदल्या संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन मी हातखंब्यापर्यंत चक्कर मारून आलो. बापरे! प्रत्येक खड्ड्याला डोकं टपाला. मागचा हौदा नुसता नाचत होता. मला डोळ्यांसमोर आमचे सोन्यासारखे आंबे दिसायला लागले, पेटीत उड्या मारताना. हापूसला ठेच लागली की वरून कळत नाही. चार दिवसांनी तिथं काळा डाग पडतो आणि ग्राहकाचा फोन येतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बघितलं, गाडी भरलेली असताना मागच्या चाकांना 65 हवा लिहिलेली. माझ्या कारच्या दुप्पट! म्हटलं, इथंच घोळ आहे. दगडासारखे टायर ठेवल्यावर गाडी उडणारच ना?

कुणाला न विचारता मी मागच्या दोन्ही चाकांची हवा 45 वर आणली. परत चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी! स्वतःवर इतका खूश झालो, की दादाला सांगायचंही राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं नाही, मी सांगितलं नाही. तो ‘नको’ म्हणाला असता.

साताऱ्याच्या अलीकडे

निघायला पहाट व्हायची ती नऊ वाजले. पाली, नाणीज, साखरपा, मग आंबा घाट. घाटात वेग नसतो, सावली असते. सगळं छान. मलकापूर, कोकरूड करत कराडला हायवेला लागलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेलेला. डांबरावर मृगजळ. उशीर झाला म्हणून दादानं ऐंशीचा काटा धरला आणि मी सोसायटीच्या ग्रुपवर ‘ऑन द वे’चे मेसेज टाकत बसलो.

आवाज बंदुकीसारखा आला. डावीकडचं मागचं चाक. गाडी डावीकडे ओढली गेली, मागचा भाग शेपटासारखा हलला. दादानं ब्रेकवर पाय मारला नाही. स्टिअरिंग घट्ट धरलं, अॅक्सिलरेटर सोडला आणि गाडी आपोआप मंदावू दिली. मी असतो तर काय केलं असतं, हा विचार आजही करवत नाही. आरशात बघितलं तर टायरचा हातभर लांब पट्टा रस्त्यावर फेकला गेलेला आणि त्याच्या मागे एक स्कूटर. नवरा-बायको, मध्ये लहान पोरगी. त्यांनी कशीबशी कड घेतली, थांबले, आमच्याकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेले. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढचे दोन तास सांगण्यासारखे नाहीत. भरल्या गाडीला जॅक लावायचा म्हणजे निम्म्या पेट्या उतरवायच्या. रस्त्याच्या कडेला, दुपारच्या उन्हात, तीस-पस्तीस पेट्या. स्टेपनी लावली, हवा बघितली, परत पेट्या चढवल्या. अकरा पेट्यांमधला माल गेला. दादा एवढंच म्हणाला, ‘काहीतरी घुसलं असेल टायरात.’ मी म्हटलं, ‘हो, तेच असेल.’

अण्णांचं पोस्टमॉर्टेम

रत्नागिरीत परतल्यावर दादा फुटका टायर घेऊन आमच्या नेहमीच्या टायरवाल्या अण्णांकडे गेला. अण्णा मूळचे केरळचे. कोकणातल्या हायवेवर पंक्चर आणि टायरची कितीतरी दुकानं केरळच्या मंडळींनी थाटली, त्यातलेच एक. तीस वर्षं इथं, त्यामुळे मराठी आमच्यापेक्षा अस्सल रत्नागिरीची.

फुटक्या टायरकडे त्यांनी बघितलंच नाही. म्हणाले, ‘हा गेला, हा काय बोलणार? त्याचा जोडीदार खोल.’ उजवीकडचं चाक काढून टायर रिमवरून उतरवला. आत हात फिरवून अण्णांनी बोटं वर धरली. काळी भुकटी लागली होती. मग टॉर्च मारून आतली बाजू दाखवली. बगलेला गोल सुरकुती पडलेली, पूर्ण वर्तुळभर. टायर बाहेरून धडधाकट आणि आतून म्हातारा!

‘हवा कितीची ठेवलीस?’ त्यांनी दादाला विचारलं.

‘पासष्ट.’

‘पासष्टवर असं नाय होत. कमी हवेवर पळालाय हा, वजन घेऊन.’

दुकानात शांतता. कंप्रेसर तेवढा धडधडत होता. मग मी सांगितलं. दादानं माझ्याकडे फक्त बघितलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. अण्णा मात्र हसले. ‘हवा कमी केलीस म्हणून टायर मऊ नाय होत, बाळा. तो शिजतो.’

त्यानंतर एका स्टुलावर बसून त्यांनी मला जे शिकवलं, ते मी नंतर घरी येऊन कागदावर मांडून बघितलं. बॉस, गणित पक्कं बसतं.

आपल्याला वाटतं वजन रबर पेलतं. नाही. वजन पेलते हवा, रबर आणि तारा तिला फक्त कोंडून धरतात. चाकावरचं वजन भागिले हवेचा दाब केलं, की टायर रस्त्याला किती टेकतो याचा अंदाज येतो. तुमच्या कारच्या एका चाकावर 300 किलो आणि हवा 32 असेल, तर टेकणारा भाग साधारण एका पोस्टकार्डाएवढा. चारी चाकांची मिळून चार पोस्टकार्डं, त्यावर आपण शंभरच्या वेगानं बिनधास्त जातो! आमच्या पिकअपच्या मागच्या प्रत्येक चाकावर हजार किलोच्या वर वजन होतं. 65 ला त्याला जवळपास दोन पोस्टकार्डं पुरली असती. 45 ला टेकणारा भाग निम्म्यानं आणखी वाढला. म्हणजे टायर तेवढा जास्त दबला, बगला तेवढ्या जास्त वाकल्या. चाक एका फेऱ्यात सव्वादोन मीटर जातं असं धरलं, तर ऐंशीच्या वेगाला बगलेचा प्रत्येक भाग सेकंदाला नऊ-दहा वेळा वाकतो आणि सरळ होतो. एखादी तार हातात धरून पटापट वाकवून बघा, चटका बसेल. आता हे सलग तासभर, एप्रिलच्या डांबरावर. रबराचे आणि आतल्या तारांचे थर एकमेकांना सोडायला लागतात आणि बाहेरून काही दिसत नाही. घाटात टायर का नाही फुटला, सरळ रस्त्यावर का फुटला, याचं उत्तर यातच आहे. घाटात आम्ही हळू होतो.

आणि माझी ती ‘टेस्ट ड्राइव्ह’? ती तर मूळातच बोगस. पिकअपच्या मागच्या पाट्या असतात ना, ते कमानदार लोखंडी पाटे, ते दीड टनासाठी बनवलेले असतात. रिकाम्या गाडीत ते वाकतच नाहीत, म्हणून गाडी उडते. माल भरला की पाटे बसतात आणि तीच गाडी शहाण्यासारखी चालते. मी रिकाम्या गाडीचा त्रास भरलेल्या गाडीला औषध म्हणून पाजला. अण्णा म्हणाले, आंबा सांभाळायचा तर पेंढा वाढव, पेट्या गच्च बांध आणि साठच्या वर जाऊ नको. हवेला हात लावू नको.

रिकाम्या परतीच्या प्रवासात मात्र मागची हवा उतरवायला हरकत नाही, पण तीही स्टिकरवर रिकाम्या गाडीसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तेवढीच. जास्त हवेचेही तोटे आहेतच. टायर मधोमध घासतो, खड्ड्यात दणके बसतात, पकड कमी होते. कोकणातल्या पावसात तर हे नकोच.

ही चूक माझ्याआधी मोठमोठ्यांनी केली

गंमत बघा, हवेचा टायर जन्मालाच आला तो आरामासाठी. रॉबर्ट थॉमसननं 1845 मध्ये पेटंट घेतलं होतं, पण ते विस्मरणात गेलं. पुढे बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनवला आणि 1888 मध्ये पेटंट घेतलं. पोराला धक्के बसू नयेत, एवढीच इच्छा. पोरगा हलका, सायकल हलकी, आयडिया हिट! वजन आणि वेग वाढला तशी गोष्ट बदलली.

अमेरिकेत तर 2000 साली यावरून महाभारत झालं. फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांचे फायरस्टोन टायर धावता धावता सोलून निघत होते, गाड्या उलटत होत्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सुमारे 65 लाख टायर परत मागवले गेले. दोनशेहून जास्त मृत्यूंचा संबंध या प्रकरणाशी जोडला गेला. टायरमध्ये दोष होतेच, पण वादाचा एक मुद्दा हवाही होती. फोर्डनं 26 चा आकडा सुचवला होता, फायरस्टोन नंतर 30 म्हणू लागली. दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. या प्रकरणानंतरच तिथं गाडीत हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा कायद्यानं सक्तीची झाली, तीच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावणारी टीपीएमएस.

तो दिवा आता आपल्याकडच्याही बऱ्याच गाड्यांत असतो आणि आपण त्याच्या भरवशावर राहतो. पण अमेरिकेतला नियम असा, की हवा ठरलेल्या आकड्यापेक्षा 25 टक्के खाली गेली की दिवा लागला पाहिजे. म्हणजे 32 चे 24 होईपर्यंत दिवा गप्प बसू शकतो! दिवा म्हणजे आजारी पडल्यावर फोन करणारा डॉक्टर. रोजचं पथ्य आपलं आपण बघायचं.

आमचा टायर फुटला त्याच उन्हाळ्यात समृद्धी महामार्गावर टायर फुटून होणाऱ्या अपघातांची चर्चा गाजत होती. तिथं घासलेल्या टायरच्या गाड्या तपासून परत पाठवायला सुरुवात झाली. ते वाचताना मी पेपर दादापासून लपवला होता, हे कबूल करतो.

टायरची कुंडली वाचा

नवीन जोड घेताना मी कारच्या टायरसारखा मऊ चालणारा टायर सुचवला. अण्णांनी कपाळाला हात लावला. पिकअपला ‘एलटी’ लिहिलेला, म्हणजे हलक्या मालगाडीसाठी बनवलेलाच टायर हवा. बगला जाड, आत थर जास्त, हवा जास्त घेणारा. तो कारच्या टायरएवढा गुबगुबीत चालत नाही, चालायलाही नको.

टायरच्या बगलेवर सगळी कुंडली छापलेली असते. हॉटेलचं मेन्यूकार्ड आपण जेवढं मन लावून वाचतो, त्याच्या निम्म्यानं वाचली तरी पुरे. समजा तुमच्या कारच्या टायरवर 195/65 आर 15 91 एच लिहिलंय. 195 मिलिमीटर रुंदी, बगलेची उंची रुंदीच्या 65 टक्के, 15 इंचांचं रिम. ही 65 जितकी कमी, तितकी बगल ठेंगणी आणि बसणारा धक्का जास्त. मित्राची स्पोर्टी अलॉय व्हील्सची गाडी कोकणात आल्यावर रिम वाकून परत जाते, त्याचं कारण हे. पुढचा 91 म्हणजे वजनाचा आकडा, एक टायर 615 किलो पेलेल. 100 असेल तर 800 किलो, 118 असेल तर 1320. आणि हे सगळं ठरलेली पूर्ण हवा असेल तरच! ‘एच’ हे वेगाचं अक्षर, ताशी 210 किलोमीटर. मागे दुहेरी चाकं असलेल्या गाड्यांच्या टायरवर 118/116 असे दोन आकडे दिसतील. जोडीत बसवला की प्रत्येक टायरचं वजन थोडं कमी धरायचं, म्हणून दुसरा आकडा लहान. (लग्न झालेल्या मित्रांनी यावर विनोद करू नयेत.)

शिवाय एका लंबगोलात चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. ‘नवीन’ म्हणून दिलेला टायर दुकानात किती वर्षं पडून होता, ते इथं कळतं. आमच्या सेकंडहँड गाडीच्या टायरचे हे आकडे मी घेताना बघितले असते, तर दादाचे पैसे आधीच तिथं घातले असते. आणि नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात. कारची नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे 1.6 मिलिमीटर उरली, की टायर गोटा झाला समजायचं. पावसाळ्यात तोवरही थांबू नये.

एकाच गोष्टीत अण्णांनी मला हवा उतरवायची परवानगी दिली. वाळूत. पुढच्या वर्षी मेअखेरीस, 1 जूनला मासेमारी बंद व्हायच्या आधी, दादाच्या मित्राची छोटी फायबर होडी ट्रेलरवर घालून आमच्या पिकअपनं किनाऱ्यावरून ओढायची होती. गाडी रिकामी, वेग चालण्याचा. तिथं हवा वीसच्या आसपास आणली, की टायर पसरतो आणि रुततो कमी. मात्र डांबरावर चाक यायच्या आधी पोर्टेबल कंप्रेसर लावून हवा परत पूर्ण. ट्रेलरच्या चाकांनाही त्यांची ठरलेली हवा, कारण होडीचं बरंचसं वजन त्यांच्यावरच असतं. आणि ट्रेलरचा थोडा भार, साधारण दहावा हिस्सा, पुढे हुकावर यायला हवा. होडी मागे सरकवून ठेवली तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. हा पुढचा भार ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांवर पडतो, तेव्हा हिशेबात तोही धरायचा. (हे वाचून स्वतःची एसयूव्ही आरे-वारेच्या वाळूत घालू नका. भरती कुणासाठी थांबत नाही, आणि ओढायला आम्हीच येतो.)

आता तुमचं. सुट्टी संपवून रत्नागिरीहून पुण्या-मुंबईला निघालात. हॅचबॅकमध्ये पाच मोठी माणसं, म्हणजे सव्वातीनशे किलो. डिकीत सहा पेट्या, एकशेवीस किलो. फणस, कोकम आणि काकूनं दिलेली लोणच्याची बरणी मोजलीच नाही. एका छोट्या कारची क्षमता साधारण इथंच संपते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे स्टिकर बघा. बऱ्याच गाड्यांत दोन रकाने असतात, एक कमी माणसांचा, एक भरलेल्या गाडीचा. आपण वर्षभर पहिल्या रकान्यात जगतो आणि मे महिन्यातल्या त्या एका दिवशी दुसऱ्यात जातो, हे लक्षातच येत नाही. हवा सकाळी निघायच्या आधी, टायर गार असताना भरायची. धावून गरम झालेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो. तो बघून हवा सोडली, तर टायर गार झाल्यावर ती कमीच भरणार. आणि स्टेपनी! आमची त्या दिवशी नशिबानं भरलेली होती.

त्या अकरा पेट्यांचे पैसे मी दादाला दिले. त्यानं घेतले नाहीत, मग वहिनीकडे दिले. तिनं नवीन टायरच्या बिलात घातले. ऑर्डर केलेल्या लोकांना खरं कारण सांगितलं, तेव्हा दोघांनी ऑर्डर रद्द केली, बाकीचे पुढच्या आठवड्यापर्यंत थांबले.

तेव्हापासून हवा बघायचं काम माझ्याकडे आहे. पहाटे पाचला, पेट्या चढवून झाल्या की मी गेज घेऊन चारी चाकांभोवती फिरतो, स्टेपनीसकट. दादा चहाचा कप घेऊन पायरीवर उभा असतो.

‘हवा कितीची ठेवलीस?’

‘मागं पासष्ट.’

तो मान डोलावतो, कप खाली ठेवतो, माझ्या हातातलं गेज घेतो आणि मागच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसतो.